बोटभर वाट

याकुत्स्कच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर तुयारासमोर उइबान बसला आहे.
टोपी गुडघ्यावर, नाक लाल,
तक्रार एकच, तीही खालमानेनं:
दोन वर्षं झाली, घोडीचा वास येत नाही.

बाहेर उणे सत्तेचाळीस.
ती हवा आत्ता त्याच्या नाकातून आत शिरली
आणि घशाशी पोचेतो
जवळजवळ रक्ताइतकी ऊबदार झाली.
वाट केवढीशी? बोटभर.
तेवढ्यात भिंतीला तीन शिंपले, एकाखाली एक,
गुलाबी, ओले, आत वळलेले,
हाडावर मखमल चढवावी तसे.
हवा त्यांना घासून जाते,
जाताना ऊब उसनी घेते,
परतताना थोडी फेडते. सगळी नाही.
मिशीवर पांढरं साचतं
ते राहिलेलं देणं.

तुयारा भिंगाची नळी आत सारते.
"हलू नकोस."
तो हलत नाही. अस्वल जवळून गेलं तेव्हाही
हलला नव्हता.
मधला पडदा जरा डावीकडे कललेला.
"सगळ्यांचाच असतो," ती म्हणते,
"नाकासमोर चालणाऱ्यांचासुद्धा."

गालांमागे दोन खोल्या, कपाळात दोन,
डोळ्यांच्या मधोमध मधाच्या पोळ्यासारखी घरं,
आणि अगदी मागे, कवटीच्या पोटात, आणखी एक जोडी.
सगळ्या रिकाम्या. कशासाठी,
हे तीस वर्षं नाकं बघूनही तुयाराला ठामपणे सांगता येत नाही.
डोकं हलकं राहावं म्हणून, आवाज घुमावा म्हणून...
पुस्तकं एकमेकांकडे बोट दाखवतात.
पण गालातल्या खोलीचं दार छताजवळ आहे
हे तिला पक्कं ठाऊक आहे
आणि त्याचा तिला दर हिवाळ्यात राग येतो.
पाणी साचलं तर जाणार कुठून?
चार पायांवर चालणाऱ्या कुणासाठी बांधलेलं घर
आपण उभं केलं आणि राहायला आलो.
"मान खाली घालून बघ, मोकळं वाटेल."
"चाळीस वर्षं तेच केलं," उइबान म्हणतो,
"खूर तपासायला."

नळी आणखी वर.
तिथे छपराला तिकिटाएवढी पिवळसर जागा,
हाडाच्या चाळणीतून मेंदूचे धागे खाली उतरतात
आणि उघड्या हवेत भिजत बसतात.
त्या वाटेवरच सोललेल्या द्राक्षांसारखे घोस.
वास दोन वर्षं दाराशी येत होता
आणि माघारी जात होता.

कापलं. काढलं. रक्ताळलेल्या वाती निघाल्या.
पंधरा दिवस मिठाचं पाणी, सकाळ-संध्याकाळ;
नाकी नऊ आले, अक्षरशः.
मग गावी परतल्यावर तो आधी कुरणात गेला,
घोडीच्या मानेत, बर्फाळलेल्या केसांत
तोंड खुपसून
श्वास ओढला.

काही नाही.

नाकातले केस तेवढे टाचण्यांसारखे ताठ झाले.
इतक्या थंडीत वासही जागचा उठत नाही,
हे सांगायचं तुयाराच्या राहून गेलं होतं.
"गेले पैसे," ओग्दोस म्हणाली, त्याची बायको,
आणि ताटात मासा वाढला.

हातमोजे चुलीच्या कडेवर टाकलेले.
त्यांतला बर्फ आधी टपटपला, मग वाफाळला,
आणि तिसऱ्या घासाला
उइबानचं चावणं थांबलं.
घाम. जुनं गवत. किंचित मूत.
तिच्या मानेखालची ती तुपकट जागा,
लगाम घासतो तिथली.
डावी नाकपुडी तेव्हा विसाव्याला गेली होती,
पाळी उजवीची होती;
दोघी दिवसभर अशाच आलटून पालटून राबतात
मालकाला न विचारता.

ओग्दोसनं नाक मुरडलं,
मोजे ओसरीत नेऊन टाकायला उठली.

"राहू दे," तो म्हणाला.
"अजून डाव्या बाजूला यायचाय."